धोंड्याचे अठ्ठावीस दिवस

करीम मुन्शींनी आधी बोटांवर मोजलं. मग उठून भिंतीवरच्या तारखांच्या सरकारी तक्त्याशी गेले, तिथं पुन्हा मोजलं, आणि परत येऊन आपल्या बैठ्या मेजामागं टेकताना चंद्रप्रभेकडे न बघता हळूच विचारलं, "बाईजी, इतके दिवस कुठं होतात?"

"इतके कुठले?" ती म्हणाली. "साल भरायच्या आत या, असं तुम्हीच दवाखान्यात सांगितलं होतं. उद्या पौर्णिमा. मी एक दिवस आधीच आले."

नांदेडच्या माधवराव वकिलांची ती ओसरी. लातुराहून पहाटेची मोटार धरून चंद्रप्रभा आणि तिचे यजमान वसंतराव मास्तर दुपारी तिथं पोचले होते. तिनं पदराखालून कापडात गुंडाळलेले कागद काढून मुन्शींपुढं ठेवले होते. दवाखान्याचा दाखला, ड्रायव्हरला दंड झाला त्या हुकमाची नक्कल, आणि मोटारीचं एक तिकीट, त्यावर वाळून काळा पडलेला डाग. वसंतराव शेजारी भिंतीला टेकून बसले होते. सदऱ्याची उजवी बाही कोपराच्या वर दुमडून टाचलेली होती. त्या बाजूला ती बसली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी तिच्यावर पडे.

"हादसा कधी झाला?" मुन्शींनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"शाकंभरी पौर्णिमेला."

"ती तुमची पौर्णिमा. अदालतीच्या हिशेबानं बहमनची एकोणतीस, फसली तेराशे एक्कावन्न." त्यांनी टाक दौतीत बुडवला, पण लिहिलं काही नाही. "आज इस्फंदारची सतरा. साल बावन्न. दावा लावायची मियाद संपून अठरा दिवस झाले."

चंद्रप्रभा म्हणाली, "असं कसं होईल? पौष ते पौष."

"मधी तुमचा धोंड्याचा महिना आला न्हाई का, बाईजी? दोन जेठ झाले ना यंदा?"

तिच्या हातातला कापडाचा तुकडा तसाच राहिला. अधिक ज्येष्ठ. तो महिना ती विसरणं शक्यच नव्हतं. रोज पहाटे सिद्धेश्वराला दिवा लावला होता. एकभुक्त राहिली होती. महिना संपता तेहतीस अनारसे वाण म्हणून दिले होते, साखर मिळेना म्हणून गूळ किसून केलेले. त्या महिन्यातला एकेक दिवस तिनं मोजला होता, फक्त वर्षात धरला नव्हता. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे महिने तिच्या मनात आपापल्या जागी बसलेले होते. सासऱ्यांचं श्राद्ध तिथीनं, तिचं स्वतःचं लग्न तिथीनं, तिच्या व्रतांची सारी माळ तिथीनं ओवलेली. साल म्हणजे ही पौर्णिमा ते ती पौर्णिमा, यात विचारण्यासारखं काही असतं, हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

करीम मुन्शी समजुतीच्या आवाजात म्हणाले, "आमचा रोजा दर साली दहा-अकरा दिवस मागं सरकतो. कधी थंडीत, कधी उन्हात. म्हणून आम्हाला दोन्ही हिशेब ठेवावेच लागतात. तुमचा अधिक महिना येऊन सगळं पुन्हा जागच्या जागी बसवतो, म्हणून तुमच्या ध्यानात येत न्हाई. पण अदालतीला ना रोजा, ना धोंडा. तिला तक्ता."

वसंतराव एवढ्यात पहिल्यांदा बोलले. "म्हणजे माझ्या हाताला तेरावा महिना लागला."

कुणीच हसलं नाही. मास्तरांना वर्षभरात अशी सवय लागली होती. लोकांनी काही म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकायचं.

माधवराव वकील आतून शेरवानीची बटणं लावत आले. चंद्रप्रभेच्या माहेरचा आणि त्यांचा जुना घरोबा, त्यामुळं ती त्यांना दादा म्हणे. मुन्शींनी दोन शब्दांत सांगितलं. वकिलांनी हातातली टोपी कोनाड्यात परत ठेवली आणि ते खालीच बसले.

"चंद्रप्रभा, तुला मी निरोप पाठवला होता की नाही? श्रावणात पाठवला, दसऱ्याला पाठवला. काय म्हणालीस? घरात ठरतंय."

"हो, दादा."

"कोण ठरवत होतं?"

आता सगळं सांगणं आलं. गेल्या वर्षी माहूरला देवीची ओटी भरायचा तिचा नवस होता. ऐन शाकंभरीच्या नवरात्रात तिला अडचण आली, म्हणून वसंतराव तिची ओटी घेऊन गेले. दर्शन करून नांदेडला आले आणि पौर्णिमेला दुपारची लातूरची मोटार धरली. मोटार माणिकप्पाची. लातुरात त्याच्या तीन गाड्या, आणि त्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाची गाडी नाही. आत सरकीची पोती गच्च भरलेली, माणसं पोत्यांवर, पोती माणसांवर. वसंतरावांना खिडकीशी जागा मिळाली ती एका कुल्ल्यापुरती. हात ठेवायला मांडीसुद्धा मोकळी नव्हती, मांडीवर कुणाचंतरी बोचकं होतं. म्हणून कोपर खिडकीत. लोह्याच्या अलीकडे समोरून लाकडं भरलेली बैलगाडी आली. ड्रायव्हरनं वेग आवरला नाही, घासून काढली. गाडी निघून गेली आणि माणसं ओरडायला लागली, तेव्हा वसंतरावांना वाटलं, दुसऱ्याच कुणाला लागलं.

फौजदारीत ड्रायव्हरला दंड झाला. दंड सरकारात जमा झाला. मास्तरांच्या हाताचं त्यात काही नव्हतं. त्यासाठी मालकावर दिवाणी दावा लावायचा, तोही साल भरायच्या आत, हे करीम मुन्शींनी तेव्हाच, दवाखान्याच्या खाटेशी उभं राहून सांगितलं होतं.

"मग माणिकप्पा घरी आला," चंद्रप्रभा म्हणाली. "म्हणाला, मास्तर आपलेच हायत. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच बाराखडी गिरवायला लावली. अदालतीची पायरी कशाला चढायची? साल जाऊ द्या, दुख जरा निवू द्या. पुढल्या शाकंभरी पोर्णिमेला देवीपुढं बसून मिटवून टाकू."

"पौर्णिमेला, असं तोच म्हणाला?"

"तोच म्हणाला."

वकिलांनी मुन्शींकडे पाहिलं. मुन्शी दौतीचं झाकण लावत होते.

"त्याच्या पेढीवर फसलीचा तक्ता आहे," माधवराव म्हणाले. "असो. त्याच्या पोटात काय होतं ते आपण कसं सांगणार?"

"आणि आता काय म्हणतो?" मुन्शींनी विचारलं.

हे वसंतरावांनी सांगितलं. "आठ दिवसांपूर्वी गेलो होतो. म्हणाला, मास्तर, कोपर बाहेर काढून कोण बसतं? पोरांना तर तुम्हीच शिकवता, खिडकीबाहेर हात काढू नये. बोलणं फिरलं तेव्हाच हिला म्हणालो, चल नांदेडला."

आठ दिवसांपूर्वी. म्हणजे मियाद संपल्यावर दहा दिवसांनी. चंद्रप्रभेनं तो हिशेब मनातल्या मनात केला.

माधवरावांनी ते तिकीट उचलून पाहिलं आणि परत कागदांवर ठेवलं. मग म्हणाले, "एकच फट आहे. ज्याच्यावर दावा लावायचा तो माणूस जितके दिवस सरकार आलीच्या, म्हणजे आपल्या संस्थानाच्या, हद्दीबाहेर असेल, तितके दिवस मियादीत धरत नाहीत. सोलापूर, बार्शी, मुंबई, कुठंही. इंग्रजी मुलखात माणिकप्पा सालभरात अठरा दिवसांहून जास्त राहिला असेल, तर दावा अजून जिवंत आहे. पण नुसतं म्हणून चालत नाही. अमुक दिवशी गेला, अमुक दिवशी आला, हे हलफेवर सांगणारा साक्षीदार लागतो. त्याचं नाव दाव्यातच लिहावं लागतं. त्याच्या नोकरांपैकी कुणी बोलणार नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

वसंतरावांनी मान हलवली. ते तेव्हा तापानं अंथरुणात होते.

चंद्रप्रभा म्हणाली, "मला आठवून बघायला हवं."

ते खोटं होतं. तिला आठवायची गरज नव्हती.

*

रात्र भावाकडे काढून दुसऱ्या दिवशी ती दोघं परतीच्या मोटारीत बसली. गाडी माणिकप्पाचीच, दुसरी नव्हतीच. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून मागं कोळशाची भट्टी बसवली होती. गाडी चढाला आली की क्लीनर उतरून सळईनं निखारे ढोसायचा आणि सगळ्यांच्या डोळ्यांत धूर जायचा. चंद्रप्रभेचा पौर्णिमेचा उपास होता. तिनं पाणीही घेतलं नाही.

"तुला काहीतरी ठाऊक आहे," वसंतराव म्हणाले.

तिनं भट्टीकडे बोट केलं. "ही बसवायला तो सोलापूरला गेला होता. अधिकाच्या द्वितीयेला गेला, अमावास्येला परत आला. अठ्ठावीस दिवस."

"आणि तू दादांपुढं गप्प बसलीस?"

"कमलम्मांनी सांगितलं होतं."

कमलम्मा माणिकप्पाची आई. साठीची, विधवा, उदगीरकडची लिंगायत बाई, बोलताना मध्येच कानडीत शिरायची. पहाटे सिद्धेश्वराच्या देवळात चंद्रप्रभा पोचे तेव्हा ती नंदीच्या उजव्या अंगाला बसलेली असे. सहा-सात वर्षं दोघी शेजारी बसत. ती चंद्रप्रभेला तंगी म्हणे, धाकटी बहीण. अपघातानंतर पहिले दोन महिने तिच्या घरून रोज शेरभर दूध येत होतं. ते माणिकप्पा पाठवत नव्हता, ती पाठवत होती. आणि धोंड्याच्या महिन्यात, आमच्यात अधिकाचं येवढं न्हाई, पण तू लावतीस म्हणून मीबी लावते, असं म्हणून तिनं महिनाभर दिवा लावला होता. एक देवाचा आणि एक लेकाचा. लेक परमुलखात, लढाईचे दिवस, सोलापुरावर काय येतंय न काय न्हाई, तंगी, तूबी त्याच्यासाठी हात जोड. आणि चंद्रप्रभेनं जोडले होते. ज्याच्या गाडीनं नवऱ्याचा हात नेला त्याच्या सुखरूप येण्यासाठी अठ्ठावीस दिवस जोडले होते. त्याची तिला लाज वाटली नव्हती. आजही वाटत नव्हती.

"देवळातलं बोलणं आहे ते," ती म्हणाली. "विश्वासानं सांगितलेलं. ते घेऊन तिला मुलाच्या विरुद्ध उभी करू?"

वसंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. गाडी लोह्याच्या पुढं आली होती. रस्त्यात एका जागी त्यांचे डोळे मिटले आणि जरा वेळानं उघडले. ती जागा कुठली, ते तिनं ओळखलं.

"तुझ्या ओटीपायी गेलो होतो मी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सालभर बोललो नाही. आज बोलतो. मी शाळेत गेलो की पोरं फळ्याकडे बघत नाहीत, बाहीकडे बघतात. हेडमास्तर म्हणतात, तुम्ही नुसती हजेरी घ्या. हजेरीसुद्धा डाव्या हातानं मला पुरी करता येत नाही, घंटा होते. मला माणिकप्पाचं वाटोळं नको. कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, की चूक माझ्या कोपराची नव्हती. एवढंच हवं आहे. आणि ते फक्त अदालत म्हणू शकते."

मग त्यांनी डावा हात खिडकीपासून ओढून मांडीवर घेतला आणि लातूर येईपर्यंत तिथंच ठेवला.

चंद्रप्रभा मनात दिवस मोजत होती. या वेळी तक्त्याचे. अठ्ठावीसातले एकोणीस गेले. नऊ राहिले.

*

शुक्रवारी पहाटे ती नेहमीच्या वेळी देवळात गेली. कमलम्मा नंदीशी होती. काडेपेटी महाग झाल्यापासून त्यांची रीतच पडली होती. जी आधी येईल तिनं दिवा लावायचा, दुसरीनं त्यावरून आपली वात पेटवायची. चंद्रप्रभेनं वात पेटवली, प्रदक्षिणा घातली आणि येऊन बसली.

"परवा नांदेडला गेलतीस म्हणं?" कमलम्मानं विचारलं. "ड्रायव्हर म्हणला. मास्तरांना बरं न्हाई का?"

"वकिलाकडे गेले होते."

कमलम्माची जपमाळ थांबली.

चंद्रप्रभेनं काही लपवलं नाही. पौर्णिमा आणि बहमन, अधिक महिना, हद्दीबाहेरचे दिवस, सगळं सांगितलं. तिचा आवाज एरवीही बारीक, आज तर गाभाऱ्यातल्या ठिबकणाऱ्या पाण्याखालीही जात होता. "तुमचं नाव घातलं तर दावा उभा राहतो. नाही घातलं तर संपला. घालायच्या आधी विचारायला आले."

"ते मी तुला सांगिटलं न्हवतं, तंगी," कमलम्मा म्हणाली. "दिव्याला सांगिटलं हुतं."

"मी शेजारीच होते."

"शेजारी हुतीस म्हणून सांगिटलं का? तू बसलीयास म्हणून माझ्या तोंडाला कुलूप न्हवतं, एवढंच." तिनं आपली वात जरा पुढं सारली. "माझा माणिक कसाबी असंल. तुझ्याशी नीट वागला न्हाई, हे मला दिसतंय. मी त्याला म्हणले, मास्तरांचं मिटव. म्हणला, आव्वा, पोर्णिमा तर होऊ दे. मला काय ठाव, पोर्णिमेत काय हाय?"

"त्याला ठाऊक होतं का, कमलम्मा?"

म्हातारीनं माळ गुंडाळून कमरेला खोचली, गुडघ्यावर हात देऊन उठली. "तू न विचारता लिवलं असतंस तर बरं झालं असतं," जाताना म्हणाली. "मी कोर्टात जाऊन तुला शिव्या दिल्या असत्या, आन खरं तेच बोलले असते. आता तू ते माझ्या पदरात टाकलंस."

शनिवारी कमलम्मा आली नाही. रविवारी आली नाही. सोमवारी तरी येईल, शंकराचा वार चुकवणारी ती बाई नव्हे, असं चंद्रप्रभेला वाटत होतं. सोमवारीही नंदीची उजवी बाजू रिकामी राहिली. त्या दिवशी संकष्टी होती. दिवसभर उपास, आणि चंद्र उगवेपर्यंत अंगणात बसून राहायचं. वसंतराव आत कंदिलाशी पाटी घेऊन बसले होते. डाव्या हातानं अक्षर गिरवत होते. पेन्सिल पाटीवर करकरत होती.

"इयत्ता पहिली," ते आतून म्हणाले. "मास्तर कडक आहेत."

तिला वाटलं, आत जावं आणि म्हणावं, मी दादांना नाव कळवते. विचारून झालं, आता पाप माझं. पण मग विचारलं तरी कशाला होतं? नाही म्हणायची मोकळीक देऊन वर नाव घालायचं, हे न विचारण्याहून वाईट. तिला आजवर वाटत होतं, व्रत म्हणजे खायचं काय आणि नाही काय. चार दिवसांत तिला कळलं होतं, की उपास करणं त्यातलं सगळ्यात सोपं. नऊ दिवसांतले पाच राहिले होते. चंद्र वर आला. तिनं अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला. देवाजवळ काही मागितलं नाही. काय मागावं ते ठरेना. कमलम्मा हो म्हणू दे, असं मागणं म्हणजे एका आईला लेकाच्या विरुद्ध उभी कर म्हणणं. नाही म्हणू दे म्हणावं, तर आत पाटी करकरत होती.

मंगळवारी कमलम्मा होती. दिवा लावून बसली होती. चंद्रप्रभा टेकायच्या आतच ती बोलली, देवाकडे बघत.

"मी त्याला इचारलं. समोर बसवून, भस्म हातात देऊन इचारलं. माणिक, पोर्णिमा तू मुद्दाम म्हणलास का सहज?"

"काय म्हणाला?"

"म्हणला, आव्वा, धंद्यात असं बघावं लागतं. भस्म हातात हुतं त्याच्या." कमलम्मानं पदरानं नाक पुसलं. "तीन दिवस मी घरात जेवले न्हाई. सून म्हणती, अत्या, कसला उपास? म्हणलं, हाय एक."

चंद्रप्रभा तिच्याशेजारी टेकली.

"लिव माझं नाव. अधिकाच्या दुजेला गेला, आवसंला आला. अठ्ठावीस रोज. रोज मी दिवा लावला, त्यामुळं मला चुकायचं न्हाई. अदालतीत हेच सांगीन." मग पहिल्यांदा तिनं चंद्रप्रभेकडे पाहिलं. "पर एक ऐक. उद्यापास्नं माझ्या वातीवरनं वात लावू नको. तुझा राग न्हाई. तुला बघितलं की त्याचा हात दिसल, भस्माचा. मला ते रोज सकाळी न्हाई सोसायचं."

*

बुधवारी ती दोघं पुन्हा नांदेडला गेली. गुरुवारी सकाळी अदालतीच्या आवारात लिंबाखाली करीम मुन्शींनी अर्जीदावा उर्दूत लिहून काढला आणि मराठीत समजावून सांगितला. पोती किती, माणसं किती, बैलगाडी कुठं, हात कुठून तुटला. खिडकीत कोपर का होतं, हेही. मांडीवर दुसऱ्याचं बोचकं होतं, म्हणून. ते वाक्य ऐकताना वसंतरावांनी मुन्शींना थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

शेवटी मियादीचं कलम आलं. "मुद्दालेहची वालिदा, कमलम्मा, उम्र साठ," मुन्शी वाचत होते. वाचताना तेही जरा अडखळले. "बाईजी, आईच गवाह?"

"हो," चंद्रप्रभा म्हणाली.

"खुदा तिला हिंमत देवो." त्यांनी शाईचा डबा पुढं केला. "मास्तर, अंगठा. डाव्याचाच चालतो."

"अंगठा नाही देणार मी," वसंतराव म्हणाले. "वीस वर्षं अंगठेबहाद्दरांना सही शिकवली."

त्यांनी टाक डाव्या हातात धरला. सगळ्या आवारात जणू तेवढंच काम चाललं होतं, इतका वेळ लागला. 'व' झाला, 'सं' झाला, 'त'ची काठी वाकडी होऊन पुढल्या 'रा'त घुसली. सही झाली तेव्हा कपाळावर घाम होता. मुन्शींनी तिच्यावर वाळू टाकली आणि फुंकर न मारता, हलकेच कागद तिरपा करून झाडली.

माधवराव आत गेले. बाहेर आले तेव्हा कागदावर शिक्का आणि नंबर होता. "घेतला," ते म्हणाले. "समोरचा भांडेल. मियादीवर भांडेल, कोपरावर भांडेल. आईला उलट विचारतील, ते ऐकणं अवघड जाईल. पण दारातून आत आलो आपण. उद्या जुम्मा, अदालत बंद. परवा शेवटचा दिवस होता."

"पेशी कधी?" चंद्रप्रभेनं विचारलं.

"फर्वर्दीची बावीस."

तिनं तिथी विचारली नाही. मुन्शींकडून चिठ्ठीवर तारीख लिहून घेतली, आणखी किती दिवस ते आकड्यात लिहून घेतलं, आणि चिठ्ठी हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवली.

लातुरात आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती देवळात गेली. वेळ बदलावी, असं मनात आलं होतं. पण वेळ नेमाची होती, आणि चुकवून जाणं म्हणजे लपणं. कमलम्मा होती. नंदीच्या उजव्या अंगालाच, पण खांबाच्या पलीकडे सरकून बसली होती. दिवा तिच्यापुढं तेवत होता. चंद्रप्रभेनं आपली काडी ओढून वात लावली.

आठवडा असाच गेला. मग एके दिवशी समन लातुरात पोचला. अदालतीचा चपराशी माणिकप्पाच्या पेढीवर गेला आणि तिथून घरी, कमलम्माच्या नावाचा कागद घेऊन, हे गावानं पाहिलं. त्या दिवशी शाळेत एका मुलानं वसंतरावांना विचारलं, मास्तर, तुमचा हात आता परत येणार का? त्यांनी ते घरी येऊन सांगितलं. सांगताना हसले नाहीत.

दुसऱ्या पहाटे चंद्रप्रभेला वाटलं, आज कमलम्मा यायची नाही. पण आली होती. पाठ जरा वाकलेली, डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. चंद्रप्रभेनं आपली वात तेलात बुडवली आणि काडेपेटी काढली. रात्री दव पडलं होतं. पहिली काडी घासली, गुल उडाला. दुसरी नुसती फसफसली. तिसरी मोडली. पेटीत चौथी नव्हती. तिनं रिकामी पेटी मुठीत घेतली आणि तशीच, न पेटलेल्या दिव्यापुढं हात जोडून बसली.

खांबाच्या पलीकडून दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. कमलम्मानं मान वळवली नव्हती. माळ चालूच होती. डाव्या हातानं तिनं आपला दिवा चार बोटं इकडे सरकवला होता, आणि हात मागं घेतला होता.